नववा रकाना

भगवानराव वनाऱ्यांकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा 'या, बसा' म्हणायच्या आधी त्यांनी माझी झडती घेतली. हातानं नाही, नजरेनं. "मॅडम, थैली तिकडं दिवाणावर ठेवा. मोबाईल बी तिथंच. पेन ड्राईव्ह किती हायेत? दोन? मंग जाताना दोनच दाखवजा."

नांदुऱ्यात स्टेशन रोडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याला अठरा वर्षं झाली. बाई स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दारात उभी राहिली की लोक अजूनही तिच्या मागे बघतात, माणूस कुठे आहे म्हणून. भगवानरावांनी मागे पाहिलं नाही. त्यांचा बायकांवर जितका अविश्वास तितकाच पुरुषांवर. त्या बाबतीत इतका समदर्शी माणूस माझ्या पाहण्यात नाही.

संग्रामपूरच्या तहसीलीत ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. रेकॉर्ड रूमची किल्ली चौतीस वर्षं करदोट्याला बांधून फिरले, आणि त्यांच्या काळात तिथून एक कागद हलला नाही, असं लोक सांगतात. निवृत्तीनंतर समाजाच्या मंडळानं त्यांच्याकडे वधूवरांची यादी सोपवली. दरवर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास परिचय पुस्तिका निघते, तिचा मजकूर भगवानराव आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर टाईप करून देतात. नाव, वय, शिक्षण, उंची, मूळ गाव, मामेकुळ, वडिलांचा व्यवसाय, फोन. असे आठ रकाने.

यंदा मंडळाच्या नव्या पोरांनी ठरवलं की पुस्तिका मोबाईलवरही यावी. भगवानरावांचा मराठी फॉन्ट जुन्या काळातला, तो मोबाईलला कळत नाही. तेव्हा युनिकोडचं नवीन सॉफ्टवेअर टाका आणि त्यात यादी द्या, असा निरोप सचिव किसनरावांनी पाठवला. खाली गोड शब्दांत पाचर मारली होती: जमत नसेल तर यादी आमच्याकडे द्या, आम्ही बघतो. भगवानरावांना झोंबलं ते हेच. यादी हातातून जाणं म्हणजे त्यांच्या करदोट्याची किल्ली सोडून घेणं.

मी म्हटलं, कॉम्प्युटरचा डबा दुकानात आणून द्या, एका दिवसाचं काम आहे. ते म्हणाले, "डबा उंबरठा वलांडत नाई." म्हणून मी गेले.

कॉम्प्युटर मागच्या खोलीत होता. जुन्या लुगड्याची शिवलेली खोळ काढली आणि मी बघतच राहिले. डब्याच्या दोन्ही बाजूंना कागदाच्या पट्ट्या डिंकानं चिकटवलेल्या, त्यावर तिरकी सही आणि तारीख.

"हे काय हो काकाजी?"

"सील. कोणी उघडलं तं आपल्याले समजाले नको?"

सील तोडायच्या आधी पंचनामा झाला. त्यासाठी वेगळी वही होती. 'आज रोजी दुपारी तीन वाजता श्रीमती सुचिता यांचे समक्ष सील सुस्थितीत आढळून आले.' एक पंच मी. दुसरा पंच म्हणून भिंतीवरून शेजारच्या मास्तरांना हाक मारली. मास्तर आले, काही न विचारता सही करून गेले. त्यांना सवय असावी. घरात त्यांच्या पत्नी गोजरकाकू होत्या, त्यांची सही का नाही घेत, असं मी विचारलं. "घरचं माणूस पंच चालत नाई," भगवानराव म्हणाले. ते ज्या आवाजात म्हणाले तो मला आवडला नाही.

डबा उघडला. गल्लीच्या पलीकडे कापसाचं जिनिंग आहे, त्यामुळे आत पंख्याभोवती रुईची गादी बसलेली. लहान बाळाची उशी भरली असती. ती मी काढून कागदावर ठेवली, तर भगवानरावांनी पुडी बांधून फडताळात ठेवली. का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

मशीन सुरू केलं तर तारीख दाखवली एक जानेवारी दोन हजार दहा.

"ही खोटी तारीख कोणं टाकली?" त्यांनी माझ्याकडे बघत विचारलं.

आत बटणाएवढा सेल असतो, तो संपला की मशीन तारीख विसरतं, आणि तारीख चुकीची असली की नवं सॉफ्टवेअर आत शिरत नाही, एवढं मी समजावलं. त्यांनी वहीत लिहिलं: 'तारखेबाबत खुलासा घेतला. समाधानकारक वाटत नाही.' माझ्यासमोर लिहिलं, बरं का. त्या दिवशी घरी येताना मी मनातल्या मनात त्यांना जे जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी नवा सेल बसवला. तारीख सुधारली. पण सॉफ्टवेअर म्हणालं, आधी विंडोजचे अमुक जुने भाग घाला, मग माझ्याकडे या. ते भाग इंटरनेटवरून घ्यावे लागतात. घरात इंटरनेट नाही. माझ्या मोबाईलवरून जोडते म्हटलं तर भगवानराव दिवाणाच्या आणि माझ्या मधे उभे राहिले. "तार नसो का असो, रस्ता झाला की मानूस येतेच." मी भर उन्हात दुकानात गेले, फाईल उतरवल्या, परत आले. आणि घाईत फाईल आणली ती चुकीची, नव्या धर्तीच्या मशीनची. या डब्याला ती चालेना. चूक माझीच होती. पण तीस सेकंद ते माझ्याकडे असे बघत होते, की मलाच शंका आली, आपण मुद्दाम तर नाही ना केलं.

दुसरी फेरी मारून आले तेव्हा भगवानराव ओट्यावर कुणाशी बोलत होते. खोलीच्या दाराशी बांगड्या वाजल्या. गोजरकाकूंनी चहाचा कप उंबरठ्याच्या अलीकडे जमिनीवर ठेवला.

"आत या ना काकू."

"नाई बाई. मी येत नाई तिथं."

"काऊन?"

त्यांनी ओट्याकडे नजर टाकली आणि उंबरठ्याबाहेरच बसल्या. त्यांचं माहेर रोहिणखेड. भावाच्या मुलीचं, पुष्पांजलीचं लग्न नऊ वर्षांपूर्वी ठरलं होतं. कुंकवाचा कार्यक्रम झाला आणि आठ दिवसांत मुलाकडच्यांनी मोडलं. पोरीला लहानपणी फिट यायची, ते तुम्ही लपवलं, असं म्हणाले.

"सात वर्साची होती तवाच बंद झालं होतं बाई ते. भावाच्या घराबाहीर दोघालेच ठाऊक. मले अन् याइले." त्यांनी ओट्यावरच्या भगवानरावांकडे बोट केलं. "आता याइच्या पोटातलं बाहीर येत नाई, हे साऱ्या तालुक्याले ठाऊक हाये. मंग राह्यलं कोण?"

"तुम्ही बोलल्या होत्या कोणाजवळ?"

"आठवत नाई," त्या म्हणाल्या. "पण बोलली असन. याईनं सांगतलं, तुह्याच तोंडातून गेलं. भाऊबी तेच म्हणे. त्यानं मले सांगतलं, आखाजीले येत नोको जाऊ. नऊ आखाज्या झाल्या." आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात.

पुष्पांजलीचं पुढे जळगावकडे चांगलं झालं, दोन मुलं आहेत. तिचं सगळं बरं झालं, पण काकूंचं काही मिटलं नाही. त्या दिवसापासून भगवानरावांनी त्यांना कॉम्प्युटरच्या खोलीत येऊ दिलं नव्हतं. हे सांगताना त्यांना रडू आलं नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. आपण गुन्हेगार आहोत हे त्यांनी पदराची गाठ असावी तसं रोज अंगावर वागवलं होतं.

तिसऱ्या दिवशी मशीननं नवं खुसपट काढलं: जागा नाही. काही पुसलं तरच सॉफ्टवेअर मावेल. मी शोधलं तर 'भजन १' पासून 'भजन ४०' पर्यंत फाईलच फाईल. या घरात टाळाचा आवाज मी तीन दिवसांत ऐकला नव्हता. पाणी कुठेतरी मुरतंय, असं मला वाटलंच.

"ही भजनं पुसू का थोडी?"

भगवानरावांनी माझ्या हातावर हात ठेवला. अठरा वर्षांत गिऱ्हाइकानं असं कधी केलं नव्हतं. त्यांच्याही लक्षात आलं, हात मागे घेऊन ते म्हणाले, "चुकलं. पण ते भजन नव्हे."

ती वधूवरांची यादीच होती. एकाच यादीच्या, फोटोंसकट, चाळीस प्रती, भलत्या नावांनी लपवलेल्या. लग्न होऊन गेलेल्यांच्या जुन्या नोंदीही तीत जशाच्या तशा. आणि तीत आठ नव्हे, नऊ रकाने होते. नववा शेऱ्याचा. ज्यानं चौतीस वर्षं सरकारी रजिस्टरं भरली, त्याला शेऱ्याशिवाय नोंद पुरी झाली असं वाटतच नाही. कुठल्या मुलाला पिण्याचा नाद आहे, कोणाचं आधी मोडलंय, कोणत्या घरात सुनेला जाच झाला, हे सगळं त्या रकान्यात. पोरीचा बाप फोन करायचा, 'भाऊ, हे स्थळ कसं हाये?' भगवानराव नववा रकाना बघून तीनपैकी एक उत्तर द्यायचे: 'करा', 'पाहून करा', 'घाई करू नका'. कारण कधीच सांगायचे नाहीत. त्या तीन उत्तरांवर या भागातली किती लग्नं झाली आणि किती टळली, त्याची मोजदाद नाही.

"आता पुढचं सांगा," ते म्हणाले. "या नव्या अक्षरात लिहिलं तं कोणालेबी वाचता येईन?"

"हो. कुठल्याही मोबाईलवर. तेवढ्यासाठीच तर आहे ते."

"मंग कुलूप कायचं राह्यलं?"

मला कळेना. तेव्हा त्यांनी अभिमानानं सांगितलं. फार पूर्वी किसनरावांच्या घरी त्यांनी ही फाईल उघडून पाहिली होती. तिथं मराठी अक्षर एक नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, कचरा. तेव्हा त्यांची खात्री पटली. "माह्यं अक्षर माह्याच मशीनले समजते. दुसऱ्याच्या हातात गेलं की भुसा."

"काकाजी, ते कुलूप नाही हो. तिथं तो फॉन्ट नव्हता, इतकंच."

"मले नोको शिकवू. मी डोयानं पाह्यलं हाये."

मी वाद वाढवला नाही. गिऱ्हाईक आहे, म्हातारं माणूस आहे, आणि खरं सांगायचं तर मला भूक लागली होती. प्रतींपैकी तीस पुसायची परवानगी तासाभरात मिळाली, प्रत्येक पुसण्याची नोंद वहीत झाली. संध्याकाळी पाचला सॉफ्टवेअर बसलं. टाईपरायटरच्या कळपाटीची, म्हणजे कीबोर्डची, जुनी मांडणीही त्यात मिळाली, त्यामुळे त्यांची बोटं अडणार नव्हती. उद्या येऊन शिकवते म्हटलं. त्यांनी डबा बंद करून नवीन पट्ट्या चिकटवल्या.

चौथ्या दिवशी मी माझा लॅपटॉप घेऊन गेले. दोन मशीन शेजारी ठेवून फरक दाखवावा, असा विचार. दारातच भगवानराव उभे होते. घरात शिरू दिलं, पण बसा म्हटलं नाही.

"सील फुटलं हाये."

डाव्या बाजूची पट्टी एका टोकाला धरून लोंबत होती. एप्रिलचं ऊन, पत्र्याचं छप्पर, कालचा पातळ डिंक. वाळून सुटली होती, दुसरं काही नाही. मी तसं म्हटलं.

"काल पाच वाजता तुम्ही गेल्या. रात्री किसनरावचा फोन आला, यादी कवा देता म्हणून. आज सील फुटलं. चार दिस झाले तुम्ही या खोलीत हाये. मी येडा नाई मॅडम."

माझा तोल गेला. वडिलांच्या वयाच्या माणसाशी मी असं बोलायला नको होतं, हे मान्य. पण चार दिवस मी माझी पर्स लांब ठेवून, मोबाईल लांब ठेवून, चोरासारखी हात दाखवत त्या घरात काम केलं होतं.

"तुमचा नववा रकाना चोरायले मले सील तोडायची काय गरज? द्या फाईल. तुमच्याच पेन ड्राईव्हवर द्या, तुमच्यासमोर पुसून परत करते. माझ्या मशीनवर ती उघडली नाही तर मी दुकान बंद करते."

ते हसले. पहिल्यांदाच हसले. शांतपणे फाईल काढून दिली. मी ती लॅपटॉपवर उघडली. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं.

"झालं?" ते म्हणाले. "भुसा."

मी सगळा मजकूर निवडला आणि वरच्या यादीतून त्यांचा तो जुना फॉन्ट लावला. असल्या जुन्या फाईल आठवड्याला दोन येतात, त्यामुळे तो माझ्याकडे असतोच. एका क्षणात नऊच्या नऊ रकाने मराठीत उभे राहिले.

भगवानराव पुढे वाकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तरीही कारकून हार मानेना. "वरची ओळ सारेच सांगतीन. दोनशे बारा नंबर वाचा. ते मी आजवर कोणाले सांगतलं नाई. जोरानं वाचा."

मी दोनशे बारावर गेले. "पुष्पांजली. वय बावीस. बी. ए. उंची पाच फूट दोन. मूळ गाव रोहिणखेड..." माझी जीभ अडखळली. दाराशी बांगड्या वाजल्या होत्या.

"शेरा वाचा," ते म्हणाले. त्यांचं दाराकडे लक्ष नव्हतं.

मी वाचला. न वाचून चाललं असतं, पण माझा राग अजून उतरला नव्हता, आणि मला आता भलतीच शंका येऊ लागली होती. "वय वर्षे सातपर्यंत फिट येत असे. औषध बंद. सध्या ठणठणीत. घाई करू नये."

मग मी विचारलं, "काकाजी, ही फाईल कधी बाहेर गेली होती?"

"नाई. म्हंजे... दरवर्सी किसनरावले सीडी देत होतो. छापखान्यासाठी. सांगत होतो ना त्याले, आठच रकाने छापजा. नववा तं त्याइले वाचताच येत नाई. मी डोयानं पाह्यलं..."

"मग पुस्तिका मराठीत छापली कशी?"

एवढंच विचारलं मी. इतकी वर्षं हा प्रश्न त्यांच्यासमोर दरसाल छापून, बांधून येत होता. सगळ्यांवर संशय घेणाऱ्या माणसाला तो पडला नव्हता. आठ रकाने ज्याला वाचता आले, त्याला नववाही आला असणार. ती सीडी छापखान्यात, मंडळात, आणखी कोणाकोणाच्या हातातून गेली, ते देवाला ठाऊक. भगवानरावांचे ओठ हलले. आकडे जुळवत असावेत. कुंकवाचा कार्यक्रम कधी, सीडी कधी दिली. मग ते खुर्चीत बसले आणि हात मांडीवर उपडे ठेवले.

गोजरकाकू उंबरठा ओलांडून आत आल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा. त्या आरडाओरडा करतील असं मला वाटलं, निदान रडतील.

"नऊ वर्सं मी आठवून राह्यली," त्या म्हणाल्या, "कोणाले बोलली म्हून. गिरणीवर दयन नेता, भाकर करता, देवापाशी बसता. एकेक बाई आठवली. हिले बोलली का, तिले बोलली का. शांताबाईशी तं मी तेवढ्यासाठीच बोलणं सोडलं."

"गोजर..."

"मले आता काही नोको सांगू."

अरेतुरे ऐकून भगवानरावांनी मान वर केली नाही. त्यांचा हात पंचनाम्याच्या वहीकडे गेला. सवयीनं गेला असावा. काकूंनी वही उचलून फडताळात, त्या रुईच्या पुडीवर ठेवली.

"इथं नाई. त्या नव्या अक्षरात लिही. माह्या भावाच्या मोबाईलवर त्याले वाचता आलं पाह्यजे."

भगवानरावांनी कळपाटी जवळ ओढली. चार दिवस खपून बसवलेल्या त्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली ओळ उमटली: 'विषय: नऊ वर्षांपूर्वीच्या प्रकरणी खुलासा.' काकूंनी वाकून सावकाश अक्षरं लावली. "हे कायचं लिहिलं? साधं लिही." ती ओळ गेली. मग एकही चूक न करता त्यांनी टाईप केलं: 'पुष्पांजलीची गोष्ट माझ्या कागदातून फुटली. गोजरनं कोणालाही काही सांगितलं नव्हतं. मी तिच्यावर खोटा आळ घेतला. भगवान.'

आता ते भावाकडे पाठवायचं म्हणजे मोबाईल हवा. मी काही बोलायच्या आत भगवानराव उठले, दिवाणाशी गेले आणि माझी पर्स आणि मोबाईल दोन्ही आणून माझ्या मांडीवर ठेवले. मी मजकूर पेन ड्राईव्हवरून लॅपटॉपवर आणि तिथून मोबाईलवर घेतला. काकूंना भावाचा नंबर तोंडपाठ होता. मी पाठवलं. थोड्या वेळानं दोन खुणा निळ्या झाल्या.

"वाचलं त्यांनी," मी म्हटलं.

काकूंनी मान हलवली आणि कॉम्प्युटरसमोरच्या दुसऱ्या खुर्चीवर बसून राहिल्या. उत्तर आलं नाही. मी माझं सामान गोळा केलं. दोन्ही पेन ड्राईव्ह हातावर धरून दाखवले, तर भगवानरावांनी डोळे मिटून घेतले. मला माझीच लाज वाटली.

आखाजीच्या दिवशी दुपारी रिक्षा दुकानासमोर थांबली. भगवानराव उतरले, आणि रिक्षावाल्याच्या मदतीनं तो डबा माझ्या टेबलावर ठेवला. खोळ नव्हती, पट्ट्याही नव्हत्या. फक्त डिंकाचे पिवळे डाग होते.

"नववा रकाना काढून टाका सगळीकडून. मंग किसनरावले द्या. आठच."

"लोक विचारतील ना, स्थळ कसं आहे म्हणून?"

"म्हणन, मले ठाऊक नाई."

मी डब्याला वायरी जोडल्या. ते बसले नाहीत, पण गेलेही नाहीत. घरी कोणी वाट बघत नसल्यासारखे उभे होते.

"काकू?"

"रोहिणखेडले गेली. सकायी भाचा आला होता, गाडी घेऊन."

"अन् तुम्ही नाही गेलात?"

भगवानरावांनी करदोट्याजवळ हात नेला, तिथं काही नव्हतं, आणि हात परत खाली सोडला.

"तिले बलावलं," ते म्हणाले. "मले नाई."

मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली आणि कामाला लागले.